आस्तिकाचे दान, नास्तिकाचे दान

गरीब विद्यार्थ्यांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका लहानशा वसतिगृहाचे पावतीपुस्तक गेली पंचवीस वर्षे माझ्या हाती आहे. पुस्तके अर्थात पुष्कळ संपली. त्यांच्या स्थळप्रती एका लोखंडी पेटीत जपून ठेवलेल्या आहेत. परंतु पुस्तक बगलेत मारून लोकांच्या दारी जावयाचे, घंटा वाजवावयाची आणि दार उघडणाऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून आपणच आधी ओशाळवाणे हसावयाचे, हा क्रम काही बदललेला नाही. मागणाऱ्याला माणसे फार जवळून दिसतात. अक्षय्यतृतीया, पितृपक्ष, दिवाळी, रमजानचा महिना, कोणाच्या आईचे वर्षश्राद्ध, कोणाच्या नातवाचे बारसे, असे आमचे सुगीचे दिवस ठरलेले असतात. मार्चअखेर हा मात्र आस्तिक आणि नास्तिक या दोघांचाही समाईक पर्वकाळ. प्राप्तिकराच्या सवलतीपुढे सारे पंथ एक होतात, हे मी अनुभवाने सांगतो.

एकदा आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाने मला विचारले, ‘‘सर, ज्यांना पुण्य नको असते ते लोक पैसे कशाला देतात?’’ प्रश्न निरागस होता. त्याच्या गावी देणारे सारेच देवाच्या नावाने देत. तेव्हा देवाचे नाव न घेता कोणी शंभराची नोट काढून देतो, हे त्याला काहीसे संशयास्पद वाटले असावे. या प्रश्नाच्या नेमका उलट प्रश्न माझे वडील मला विचारीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. देवाधर्मावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. ते म्हणत, ‘‘पुण्यासाठी दिले ते दान कसले? तो व्यवहार झाला. इथे एक टाकायचा आणि तिथे दहा घ्यायचे!’’ आई आतून हे ऐके आणि काही न बोलता ज्वारीच्या पिठातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकी. या दोन प्रश्नांच्या मधोमध उभे राहून मला आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

धर्मांनी दानाच्या बाबतीत केलेले सर्वांत मोठे काम कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन, त्यांनी दान मनुष्याच्या लहरीवर सोडले नाही. माणसाला दया येते आणि जाते. तिच्या भरवशावर कोणाचे दोन वेळचे जेवण चालत नाही. म्हणून धर्मांनी दानाला दर लावून दिला, दिवस नेमून दिला आणि घेणारा कोण हेही सांगून ठेवले. इस्लाममध्ये ठराविक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून काढावयाचा असतो, आणि तो कोणाला द्यावा हे कुराणातच सांगितले आहे. तेथे देणारा उपकार करीत नाही, घेणाऱ्याचा हक्क त्याला पोचवितो. शिखांचा दसवंध आणि ज्यू व ख्रिस्ती समाजांतील दशांश हे एकाच हिशेबाचे. जैनांनी आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने मानली. बाराव्या शतकात मैमोनिडीस या ज्यू पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. त्यांत वरून दुसऱ्या पायरीवर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचे नाव ठाऊक नसते. आणि सर्वांत वरची पायरी अशी, की घेणाऱ्याला पुन्हा मागावे लागू नये अशा रीतीने त्याला धंद्यास लावून द्यावे. हिंदूंकडे तर या विषयाचे शास्त्रच झाले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तला दानखंड उघडून पाहिला, तर काय द्यावे, कोणाला द्यावे, कोणत्या तिथीला द्यावे याची अशी बारकाईने मांडणी आढळते, की एखादे अंदाजपत्रकही तिच्यापुढे सैल वाटावे.

येथे तैत्तिरीय उपनिषदातली एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतात, त्यात दानाविषयी काही सूचना आहेत. श्रद्धेने द्यावे, ही पहिली. दुसरी सूचना अश्रद्धेविषयीची आहे. पण ती काय आहे याचा निर्णय संधीवर अवलंबून आहे. ‘अश्रद्धया’ या पदाच्या शेवटी दीर्घ आकार असल्यामुळे त्याच्यापुढे ‘देयम्’ आले काय किंवा ‘अदेयम्’ आले काय, उच्चार एकच होतो. शंकराचार्यांनी ‘अदेयम्’ असा पदच्छेद केला: श्रद्धा नसेल तर देऊ नये. परंतु कानाला ‘श्रद्धा नसली तरी द्यावे’ असेही ऐकू येते, आणि त्याला व्याकरणाची आडकाठी नाही. आचार्यांच्या अर्थाला परंपरेचे बळ आहे हे मला मान्य आहे. तरीही पुढच्या सूचना वाचल्या म्हणजे माझे मन दुसऱ्या बाजूला कलते. कारण गुरू पुढे म्हणतात, की आपल्या ऐपतीला शोभेल असे द्यावे, लाजेने द्यावे, भयाने द्यावे, जाणिवेने द्यावे. लाज आणि भय हीसुद्धा ज्याला चालतात, तो गुरू देणाऱ्याच्या हेतूची फार चिकित्सा करणारा दिसत नाही. त्याला घेणाऱ्याची भूक ठाऊक असावी.

श्रद्धेच्या दानाचे बळ असे मोठे. तशी त्याची उणीवही मोठी. ते बहुधा आपल्या कुंपणात फिरते. पुण्यात वार लावून जेवण्याची चाल होती. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवावे आणि शिक्षण पुरे करावे. या वारांवर आणि माधुकरीवर एक अख्खी पिढी शिकली. पण त्या सात घरांची दारे कोणत्या मुलाला उघडी होती? पंगतीला बसण्याचा अधिकार जातीने ठरत होता, आणि जो सर्वांत अधिक भुकेला होता, त्याला त्या दारापर्यंत येण्याचीही मुभा नव्हती. वाढणाऱ्या माउलीच्या मनात दया नव्हती, असे मी म्हणणार नाही. मात्र तिच्या दयेला ओसरीच्या कडेपर्यंतच जाण्याची परवानगी होती.

अशा कुंपणातले दान कधीकधी कुंपण ओलांडून कसे बाहेर पडते, याचे एक उदाहरण आपल्याकडेच आहे. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. राज्य गेल्यावर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. हळूहळू आवळीत नेली आणि तिच्यातला काही पैसा विद्येकडे वळविला. या दक्षिणेच्या पैशावर 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे 1849 मध्ये लोकहितवादी आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी अर्ज केला, की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही मिळावा. त्यावर शहरात मोठीच खळबळ उडाली. परंतु दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. त्या पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज झाले, पूना कॉलेजचे डेक्कन कॉलेज. आणि मुठेपलीकडच्या, येरवड्याकडच्या त्या कॉलेजची दगडी इमारत उभी राहिली ती जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्याच्या देणगीतून. म्हणजे ब्राह्मणभोजनाच्या सोवळ्यातून निघालेला पैसा आणि अग्निपूजक पारशी घराण्याची देणगी अशी दोन दाने तेथे एकत्र आली. आणि त्या कॉलेजात शिकून बाहेर कोण पडले? गोपाळ गणेश आगरकर! ईश्वराचे अस्तित्व आणि परलोक यांविषयी ज्याने उघड शंका घेतली, तो मनुष्य.

आगरकरांनी दान असे फारसे केले नाही, कारण त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे नव्हते. मोठ्या पगाराची नोकरी पत्करावयाची नाही, पोटापुरते घेऊन उरलेले आयुष्य लोकांच्या कामी लावावयाचे, असे त्यांनी विद्यार्थिदशेतच आईला पत्राने कळविले होते. 1895 साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते वारले. आपल्या उत्तरक्रियेचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी वीस रुपयांची एक पुडी करून ठेवली होती, असे सांगतात. परलोकात काही मिळावयाचे आहे, असे न मानणाऱ्या मनुष्याने इहलोकाचे देणे असे चुकते करून ठेवले, ही गोष्ट मला नेहमीच विचारात टाकते.

त्यांचेच मित्र धोंडो केशव कर्वे. अण्णासाहेब कर्वे स्वतःला अज्ञेयवादी म्हणवीत. ईश्वर आहे किंवा नाही हे मला कळत नाही, असे ते प्रांजळपणे सांगत. आणि या मनुष्याने आयुष्यभर लोकांपुढे हात पसरला! 1896 साली अनाथ बालिकाश्रम निघाला. गावाबाहेर हिंगण्याला गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि 750 रुपये दिले, आणि तेथे झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावयाचे, मग पायी हिंगण्याला जावयाचे आणि सुट्टी लागली की वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडावयाचे, अशी त्यांची वर्षांमागून वर्षे गेली. स्वतः विधवेशी पुनर्विवाह करून गावाचा बहिष्कार सोसलेल्या या गृहस्थाने आश्रमात मात्र पुनर्विवाहाचा पुरस्कार करावयाचा नाही, असे धोरण ठेविले; त्याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावले. पण सनातनी घरातल्या विधवा मुलीला तिच्या बापाने आश्रमात पाठवावे, एवढाच त्यांचा डाव होता. आता त्यांनी निवडलेली नावे पाहा. कार्यकर्त्यांचे मंडळ काढले, त्याचे नाव निष्काम कर्ममठ. देवाविषयी साशंक असलेल्या गणिताच्या प्राध्यापकाने गीतेतला शब्द घेतला आणि संन्याशांचा मठही घेतला. पुढे त्यांच्या संस्थेसाठी निधी जमू लागला तो भाऊबीजेच्या नावाने. दिवाळीत ओवाळणी घालण्याची चाल घरोघर आहे. मग एक ओवाळणी हिंगण्याच्या बहिणीची! स्वयंसेवक पावतीपुस्तके घेऊन दारोदार जाऊ लागले. मला यात लबाडी दिसत नाही. देण्यासाठी माणसाला एक निमित्त लागते आणि कोणीतरी दारात यावे लागते, हे अण्णासाहेबांनी ओळखले होते.

पुढे 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, आणि 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यासाठी पंधरा लाख रुपये दिले. त्या काळचे पंधरा लाख! देणगी आईच्या नावाने होती. म्हणून ते विद्यापीठ आजही श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने चालते. मातृऋण फेडण्याची इच्छा आणि एका अज्ञेयवाद्याची चिकाटी यांचे हे अपत्य. त्यानंतर, 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी आणखी एक मंडळ स्थापन केले, आणि तुटपुंज्या पेन्शनीतून आधी स्वतःची वर्गणी घालून मग ते पुन्हा लोकांच्या दारी गेले. त्यांचा पुण्यसंचय कोठे जमा होत होता, असे आमच्या त्या विद्यार्थ्याने विचारले असते, तर मला उत्तर देता आले नसते.

महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण देतो. आंध्रात गोपाराजू रामचंद्र राव होऊन गेले. सारा देश त्यांना ‘गोरा’ या नावाने ओळखतो. कर्वे अज्ञेयवादी होते. हे मात्र रोखठोक नास्तिक. 1940 साली कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी त्यांनी नास्तिक केंद्र काढले, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास ते विजयवाड्याला हलविले. अस्पृश्यतानिवारण, सहभोजने आणि आंतरजातीय विवाह यांत त्यांचे आयुष्य गेले. गांधीजी आणि ते यांच्यात या विषयावर पुष्कळ संभाषणे झाली, आणि त्यांचे एक लहानसे पुस्तकही प्रसिद्ध आहे. ईश्वर हेच ज्यांचे सर्वस्व त्या गांधीजींनी या नास्तिकाला आश्रमात बोलावून घेतले आणि त्याच्या कामाकडे पाहून त्याच्या मताचा आदर केला. गोरा 1975 मध्ये वारले. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर 1977 मध्ये, दिविसीमेच्या किनाऱ्यावर चक्रीवादळाने समुद्र गावांत शिरला आणि हजारो माणसे मेली. त्या वेळी मदतीला धावलेल्यांत जसे धार्मिक सेवासंघ होते, तसे हे नास्तिक केंद्रही होते. पाण्यात सडणारी प्रेते आणि जनावरे उचलणाऱ्याला तेथे कोणी धर्म विचारला असेल, असे वाटत नाही.

मग दोघांत अधिक देतो तरी कोण? मोजमापाच्या या युगात हा प्रश्न सुटला असेल, असे आपणांस वाटेल. अमेरिकेत यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. तेथे नियमाने प्रार्थनेला जाणारी माणसे इतरांपेक्षा अधिक देतात, असे बहुतेक पाहण्यांत आढळले. मात्र त्या देणग्यांतला मोठा हिस्सा त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनामंदिराकडेच जातो, हेही आढळले. 2010 साली पटनम आणि कॅम्बेल या दोन राज्यशास्त्रज्ञांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. माणसाला दानशूर करते ती त्याची ईश्वरनिष्ठा किंवा नरकाचे भय नव्हे. प्रार्थनेच्या ठिकाणी त्याचे जे स्नेही जमतात, ते त्याला दानशूर करतात. एकटाच घरी बसून प्रार्थना करणाऱ्या परमभक्तापेक्षा बायकोबरोबर निमूटपणे चर्चला जाणारा नास्तिक स्वयंसेवेला अधिक लवकर तयार होतो, असे ते म्हणतात. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाने थाळी पुढे सरकविली की हात आपोआप खिशात जातो. आमच्याकडे भाऊबीजेने तेच केले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने तेच केले. दरमाणशी एक पैसा मागून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, त्यात देवाचा संबंध कोठे आला? कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंडही त्यातलाच. दळणातली मूठ बाजूला काढावयाची ही चाल आयाबायांना देवधर्माने शिकविली होती. कर्मवीरांनी ती मूठ सर्व जातींच्या मुलांच्या वसतिगृहाकडे वळविली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा.

या मोजमापांवर फार विसंबू नये, असा माझा श्रोत्यांना सल्ला आहे. 2015 साली एक निबंध प्रसिद्ध झाला. सहा देशांतल्या 1170 मुलांना रंगीत चिकटचित्रे देऊन त्यांतली इतरांना किती देता, हे पाहिले होते. आणि धार्मिक घरांतली मुले कमी उदार निघाली, असा निष्कर्ष काढला होता. जगभरच्या वृत्तपत्रांनी तो आनंदाने किंवा संतापाने छापला. पुढे दुसऱ्या अभ्यासकाने तीच आकडेवारी तपासली, तेव्हा हिशेबातच चूक सापडली. देशांना ओळखीसाठी दिलेले क्रमांक हे जणू मोजलेली राशी आहेत असे समजून गणित केले गेले होते. 2019 मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. त्याची बातमी किती वृत्तपत्रांनी छापली, याची मी चौकशी केलेली नाही.

मला अधिक पटतो तो एक जुना प्रयोग, 1973 साली प्रसिद्ध झालेला. प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन लहानसे भाषण करावयास सांगितले. काहींचा विषय होता बायबलातल्या दयाळू शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी मनुष्याला परक्याने केलेली मदत. वाटेवर एक माणूस मुद्दामच कण्हत पडलेला ठेवला होता. कोण थांबला? ज्यांना पुष्कळ वेळ आहे असे सांगितले होते, त्यांपैकी शंभरांत त्रेसष्ट. ज्यांना ‘उशीर झाला, धावा’ असे सांगितले होते, त्यांपैकी शंभरांत दहा. भाषणाचा विषय शोमरोन्याचा होता की दुसरा कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दयेवर प्रवचन करण्याच्या घाईत कण्हणाऱ्याला ओलांडून जाणारा तो विद्यार्थी मला परका वाटत नाही. पावतीपुस्तक बगलेत मारून बस गाठण्याच्या गडबडीत मीही असाच अनेकदा पुढे गेलेलो आहे.

दान आणि दाता यांच्यामध्ये आणखीही एक प्रश्न उभा असतो, तो पैसा आला कोठून याचा. रॉकफेलर हा बाप्टिस्ट पंथाचा निष्ठावंत ख्रिस्ती. सोळाव्या वर्षी पहिली नोकरी लागली तेव्हापासून तो दानधर्माचा खर्च वहीत टिपीत आला. कार्नेगी हा धर्माविषयी संशयी. तरी त्याने अडीच हजारांवर ग्रंथालये बांधलीच, आणि गंमत म्हणजे चर्चांना सात हजारांहून अधिक ऑर्गन वाद्येही दिली. दोघांचे दान अफाट. पण कार्नेगीच्या होमस्टेडच्या कारखान्यात 1892 साली आणि रॉकफेलर घराण्याच्या मालकीच्या खाणींवर लडलो येथे 1914 साली संपकरी कामगारांचे रक्त सांडले. आपल्याकडे जमशेटजींनी रुग्णालय बांधले. माहीमच्या पुलासाठी त्यांच्या पत्नी अवाबाईंनी पैसा दिला, तोही त्यावर टोल घ्यावयाचा नाही या अटीवर. त्या संपत्तीत चीनला गेलेल्या अफूचा वाटा होता. हे मी दात्यांना कमीपणा आणावा म्हणून सांगत नाही. आमच्या पेटीतल्या स्थळप्रतींवर पैसा कोठून आला हे लिहिण्यास रकाना नाही, एवढेच.

आणि ज्यांना कोणत्या रांगेत बसवावे हे कळत नाही, असेही पुरुष होऊन गेले. गाडगेबाबा पंढरपूरच्या वाळवंटात कीर्तन करीत आणि विठ्ठलाच्या देवळात जात नसत. नवस आणि पशुबळी यांवर ते सडकून टीका करीत. देव दगडात नाही, भुकेल्यात आहे, हा त्यांच्या सांगण्याचा आशय. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःजवळ झाडू आणि मडक्याचा तुकडा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. 1956 च्या डिसेंबरात, बाबासाहेबांच्या मागोमाग दोन आठवड्यांनी, तेही गेले. त्यांना आस्तिक म्हणावे तर ते देवळाबाहेर उभे, आणि नास्तिक म्हणावे तर मुखी अखंड देवाचे नाव.

आपल्या भाषेनेही हा गोंधळ तसाच ठेवला आहे. सार्वजनिक न्यासांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी, मग तो न्यास देवळाचा असो वा नास्तिकांच्या ग्रंथालयाचा, धर्मादाय आयुक्तच. 1950 च्या विश्वस्त कायद्याने धर्मादायी कार्याची व्याख्या केली, तीत दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत ही कामे आली, आणि निव्वळ धर्मोपदेश किंवा पूजा यांपुरता असलेला हेतू त्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने धर्मादायात धर्म नाही! आईला मी हे एकदा समजावून सांगितले. ती म्हणाली, ‘‘मग त्यात काय राहिलं?’’ अण्णा म्हणाले, ‘‘जे राहायला हवं तेच.’’

अण्णा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात एक चिठ्ठी निघाली: माझे दिवस घालू नयेत, श्राद्धपक्ष करू नये, त्याला जो खर्च येईल तो वसतिगृहास द्यावा. श्राद्धावरचा चार्वाकांचा आक्षेप ते नेहमी सांगत. इथे जेवू घातलेले मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याबरोबर शिदोरी कशाला द्यावी? आईने चिठ्ठी दोनदा वाचली. पन्नास वर्षे तिने त्यांच्या आईवडिलांचे पक्ष सांभाळले होते. ते पानावर बसत आणि काही बोलत नसत. तिने भटजींना निरोप पाठविला नाही. पहिल्या पितृपक्षात त्यांच्या तिथीला ती सकाळी स्नान करून आली आणि जपून ठेवलेली रक्कम माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘‘मुलांना आज खीर-पुरीचं जेवण घाल. आणि पावती लिहून दे.’’

मी पुस्तक उघडले. नाव, पत्ता, रक्कम लिहिली. ‘देणगीचे कारण’ या रकान्याशी थांबलो आणि तिच्याकडे पाहिले.

‘‘श्राद्धानिमित्त, असं लिही,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, पण अण्णांनी...’’

‘‘त्यांनी करू नका म्हटलं होतं. मी केलं नाही. पैसे त्यांच्या मुलांना दिले. आता कागदावर काय लिहायचं ते मी सांगते.’’

मी लिहिले. संध्याकाळी वसतिगृहात एकसष्ट मुले जेवली. पितृपक्ष म्हणजे काय हे त्यांतल्या निम्म्या मुलांच्या घरी ठाऊकही नसेल. त्यांनी खीर दोनदा मागून घेतली. त्या पावतीची स्थळप्रत इतरांबरोबर लोखंडी पेटीत आहे. पुढच्या वर्षीही तिने तेच लिहावयास सांगितले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.